सुभद्राबाईंच्या ओसरीतली चिप

१

रुख्माच्या धानाच्या बांधीत पाणी नव्हतं, आणि भैय्यालालच्या बांधीचा धुरा, म्हणजे बांध, ओलांडून तेच पाणी नाल्यात चाललं होतं. २००२ सालच्या ऑक्टोबरातल्या एका सोमवारी सकाळी गावाने हे पाहिलं आणि दुपारच्या आत गुन्हेगारही ठरवून टाकला. आपल्याकडे गुन्हेगार ठरवायला वेळ लागत नाही. पुरावा शोधायचा म्हटलं की सगळ्यांना कामं आठवतात.

गावाचं नाव सांगत नाही. गोंदियाकडे, दवनीवाड्याच्या पुढे आहे, एवढं पुरे. तिथले लोक अजून मला चहा पाजतात, तो मला बंद करायचा नाही.

त्या गावच्या तलावातून कालव्यासारखी एक नहर निघते आणि थोड्या अंतरावर तिला दोन फाटे फुटतात. वरच्या फाट्यावर भैय्यालाल आणि इतरांची शेतं, खालच्या फाट्यावर रुख्मा आणि इतरांची. बारा तास पाणी वर, बारा तास खाली. फाट्यावरची लाकडी फळी फिरवायचं काम टिकेशच्या घराण्याकडे होतं, आजोबांच्या काळापासून. पण गेल्या दिवाळीनंतर गावच्याच हेमेंद्रने एक मशिन बनवलं. वेळ झाली की मशिन मोटर चालवायचं आणि मोटर फळी फिरवायची. टिकेशकडे फक्त फळीची देखभाल उरली. रविवारी संध्याकाळी सहाला फळी फिरायला हवी होती, ती फिरली नाही.

हे सगळं मला मुर्रीत माझ्या घरी येऊन उदारामने सांगितलं. उदाराम म्हणजे त्यांच्या पाणी समितीचा अध्यक्ष. मी लक्ष्मीचंद कटरे, तीस वर्षं पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, आता निवृत्त. बायको चमेली तीन वर्षांपूर्वी गेली, मुलगी सोनिका रायपूरला असते. उदाराम आला तेव्हा ओट्यावर दोन कप चहा तयार होता. त्याला वाटलं, त्याच्यासाठीच. मी रोज दोन कप करतो आणि मग एक ओतून देतो, हे त्याला कशाला सांगू?

"हेमेंद्र पुण्याहून फोनवर बोलला," उदाराम म्हणाला. "मशिनच्या पोटात जे लिहून ठेवलंय, ते आपोआप पुसत नाही म्हणे. कोणीतरी हात लावला. अन् पेटीखाली टिकेशचा पेचकस, स्क्रू खोलाचा, सापडला, मास्तर. रविवारी सभा आहे. त्याले कामावरून काढाचं अन् पोलिसात द्याचं, असं ठरून राहिलं."

"मग मी कशाला?"

"त्याचा बाप माझा सोबती होता जी. तुमी एकडाव पाहून घ्या. तुमी म्हणाल टिकेशनं केलं, त मी गप बसतो."

मी चप्पल घातली. उदारामला एक गोष्ट माहीत नव्हती, आणि मी सांगितली नाही. त्या मशिनची चिप हेमेंद्रने निवडलीच नव्हती. ती मी निवडली होती.

२

मायक्रोकंट्रोलर म्हणजे मशिनचं डोकं. बोटभर लांब काळी चिप, चाळीस पाय, आत लिहिलेला कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम. हेमेंद्र माझा विद्यार्थी. दीड वर्षापूर्वी मुर्रीला आला आणि वही उघडून बसला. त्याने नीट हिशोब केला होता. काम केवढं, तर एक घड्याळ, दोन बटणं, एक मोटर. पाय किती लागतील, मेमरी किती लागेल, चिप गोंदियात मिळेल का, बिघडली तर दुरुस्त कोण करणार. असा विचार करणारं पोरगं मला तीस वर्षांत चार-पाचदाच भेटलं.

"सर, ही नवी घेऊ?" त्याने विचारलं होतं. "विजेनेच पुसता येते, विजेनेच लिहिता येते. खिडकी नाही, काही नाही."

मी नाही म्हणालो. माझा भरवसा जुन्या जातीवर. तिच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असते. कार्यक्रम बदलायचा तर जांभळ्या प्रकाशाच्या खास दिव्याखाली ती चिप ठेवायची. वीस-पंचवीस मिनिटांत आतलं पुसलं जातं, मग पुन्हा लिहायचं. एरवी खिडकीवर जाड कागदाचं लेबल चिकटवून ठेवायचं, की झालं. मी उभी हयात त्याच चिपवर शिकवलं. माझ्या कपाटात एक कोरी चिप होती, ती मीच त्याच्या हातात ठेवली. खरं सांगू? नवी मला येत नव्हती. येत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून म्हणालो की नव्यावर भरवसा नाही.

मशिन हेमेंद्रच्या घरीच होतं. तलावाजवळच्या टपरीला ना दार ना कुलूप, म्हणून बांधाखालच्या त्यांच्या घराच्या ओसरीत पेटी बसवली होती आणि तिथून तार नहरीपर्यंत नेली होती. घरात आता फक्त त्याची आई, सुभद्राबाई. मी पोचलो तेव्हा त्या दारातच होत्या.

"या जी मास्तर," त्या म्हणाल्या. "पाहा बाप्पा काय झालं त्याले. दोन दिवस झाले, टक वाजत नाही."

फळी फिरायच्या वेळी पेटीत टक असा आवाज व्हायचा. सकाळी सहाला त्या टकवर सुभद्राबाई चूल पेटवायच्या, संध्याकाळी सहाला दिवा लावायच्या. घरात दुसरा आवाजच नव्हता.

पेटी लाकडाची, पुढे झडप. झडप सताड उघडी होती.

"बंद नाही करत?"

"बंद केली का आतला हिरवा लाइट दिसत नाही नं जी. हेमू गेला पुण्याले. लाइट दिसला का बरं वाटते."

मी आत पाहिलं. पेटीच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट, झेंडूची एक वाळकी पाकळी. तारा जागच्या जागी. मग चिप अलगद काढली आणि उजेडात धरली. काचेची खिडकी लख्ख चमकत होती. तिच्यावरचं लेबल गायब होतं.

३

लेबल काढल्याशिवाय चिप पुसता येत नाही. म्हणजे कोणीतरी ते काढलं होतं, एवढं नक्की. कोणी, आणि कधी?

'कधी'चं अर्धं उत्तर चिपवरच होतं. लेबल जिथे चिकटलेलं असतं तिथे काचेभोवती डिंकाची चौकट राहते. त्या डिंकावर धूळ बसली होती, बोटाने चोळून निघेना अशी. गावाच्या म्हणण्याप्रमाणे टिकेशने रविवारी लेबल काढलं असतं, तर मंगळवारी तो डिंक एवढा मळलेला नसता.

मी आधी भैय्यालालकडे गेलो. पाणी त्याच्याकडे गेलं होतं, तर संशय आधी त्याच्यावर.

"मास्तर, बांधीत उतरून पाहा," तो म्हणाला. "धान लोळलं ना माझं. पाण्यात लोंब्या पडून राहिल्या. मले पाणी पाहिजे होतं, पण एवढं कायले पाहिजे? अन् चोरायचंच असतं, त फळी हातानं नसती का सरकवली? मशिनच्या पोटात शिरायची अक्कल मले असती त मी शेती केली असती का?"

बोलणं उद्धट होतं, पण खोटं नव्हतं. धान खरंच लोळलेलं होतं.

रुख्मा खालच्या फाट्यावर भेटली. चाळिशीची, एकटीने दोन एकर करणारी बाई. लोंबी तोडून तिने माझ्या तळहातावर ठेवली. दाबली तर दूधच नाही.

"हे शेवटचं पाणी होतं जी," ती म्हणाली. "आता उदारामभाऊ हातानं फळी फिरवून राहिला, पण ऐन दाणा भरायच्या टायमाले पाणी तुटलं, अर्धं पोचट जाईल. मी कोणाले सोडाची नाही."

"कोणाला?"

"टिकेशले. मी डोळ्यानं पाहिलं. रविवारी दिवेलागणीले तो सुभद्राबाईच्या घरात शिरला, पेचकस हातात. मशिनशी त्याचं वैर आहे, आख्ख्या गावाले मालूम आहे."

मला वाटलं होतं पेचकसाची गोष्ट कुणीतरी रचली असेल. रुख्मा खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती.

४

टिकेश बांधावर बसला होता, पाण्याकडे पाहत. पस्तिशीचा माणूस, पण त्या दिवशी म्हातारा दिसत होता. मी शेजारी बसलो. मग दोघंही पाण्याकडेच पाहत राहिलो. एकट्या माणसांना ते जमतं.

"गेला होतास?" मी शेवटी विचारलं.

"गेलतो."

"काऊन?"

"काकीनं आवाज देला. म्हणे टक वाजली नाही, पाह्य ना बापू. मी पेचकस घेऊन गेलो, पेटीची एक पट्टी खोलली, आत पाहिलं. मले काय समजते त्यातलं? परत लावली अन् आलो. पेचकस तिथंच राह्यला."

"लेबल काढलंस? चिपवरचा कागद?"

"कागद होता का तिथं? मले त काच दिसली. आरशावानी चमकत होती."

मी त्याच्याकडे पाहिलं. खोटं बोलायचं असतं तर काचेचा उल्लेख त्याने केलाच नसता.

"मग सभेत हे सांगत का नाहीस?"

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "सांगू कसं? पुढचं विचारतील नं जी. मशिन बंद आहे हे मले सहा वाजता मालूम झालं होतं. फळी हातानं फिरवाले मले पाच मिनिटं लागतात. मी नाही फिरवली. घरी जाऊन झोपलो. म्हटलं, पडू दे एक रात बंद. समजू दे लोकाले, टिकेश काय होता. वर्षभरात एकानं हाक नाही मारली मले, मास्तर. पहिले रस्त्यानं जाता-येता दहा जण विचारत, टिकेश, पाणी कधी? आता मशिनले विचारतात."

मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याचं म्हणणं कळलंही. निवृत्तीनंतर मलाही कोणी काही विचारत नाही. हेमेंद्र आला होता, तर मी त्याला जुनी चिप दिली.

म्हणजे टिकेशचं चुकलं होतं, पण चिप त्याने पुसली नव्हती. तो ओसरीत पोचला तेव्हा लेबल आधीच निघालेलं होतं आणि मशिन आधीच मेलेलं होतं. हे मला पटलं. गावाला कसं पटवायचं?

५

चिप रुमालात गुंडाळून मी गोंदियाला रामलालच्या दुकानात गेलो. बाजारात इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणारा तो एकच माणूस, ज्याच्याकडे चिप वाचायचं यंत्र आहे.

"अरे गुरुजी," तो हसला, "ये खिडकीवाला माल अभी तक चला रहे हो? म्यूझियम में रखो. ही नवीन पाहा, पाय तेच, कार्यक्रम तोच चालतो, खिडकी नाही. पोरं हीच नेतात."

"आधी ही वाच."

त्याने चिप यंत्रात बसवली. पडद्यावर आकडे आले. रामलालने भुवया उंचावल्या, आणि मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

चिप पूर्ण कोरी नव्हती. बराच भाग कोरा, पण मधेच हेमेंद्रच्या कार्यक्रमाचे तुकडे शिल्लक होते. आणि रामलालने पुन्हा वाचायला लावलं तर तुकडे थोडे बदलले. एखादा आकडा आता आहे, मग नाही.

"अर्धीच पुसली ही," रामलाल म्हणाला. "हे दिव्याचं काम नाही गुरुजी. दिव्याखाली ठेवली तर अर्ध्या तासात साफ."

तिथेच माझ्या डोक्यात सगळं जुळलं. मुद्दाम पुसणाऱ्याला दिवा लागतो, आणि तो दिवा गोंदियाबाहेर कोणाकडे नाही. दिवा ज्याच्याकडे आहे तो अर्धवट पुसणार नाही. आणि पुसण्यापेक्षा चिप उपटून तलावात फेकणं सोपं. म्हणजे हे कोणी ठरवून केलेलं नव्हतं. ते हळूहळू, दिवसेंदिवस झालं होतं. खिडकी उघडी असलेली चिप उन्हात पडली, तर आठ-दहा दिवसांत ऊनही तेच काम करतं. हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो. पोरं वहीत उतरवून घेत आणि विसरत. मीही विसरलो होतो.

सुभद्राबाईंच्या ओसरीला दक्षिणेला खिडकी आहे. नुसते लाकडी गज, काच नाही. झडप सताड उघडी. गुन्हेगार रोज दुपारी त्या गजांतून आत येत होता.

पण उन्हाने लेबल काढलेलं नव्हतं. ते एका हाताने काढलं होतं. कोपऱ्यातलं कुंकू आणि झेंडूची पाकळी मला आठवली, आणि मी चिप पुन्हा रुमालात गुंडाळली.

६

शनिवारी मी सुभद्राबाईंकडे गेलो. त्यांनी पोहे केले. मी खाल्ले. विचारायचं धैर्य येईना.

"दसऱ्याला मशिनची पूजा केली का हो?" शेवटी म्हणालो, सहज विचारल्यासारखं.

"करावंच लागते नं जी. घरात नांगर नाही राह्यला, बैल नाही. हेमूचं एक मशिनच आहे. ओल्या फडक्यानं सारं पुसलं, कुंकू लावलं, फूल वाह्यलं. लय धूळ होती त्याच्यात."

"आणि आतला कागद?"

त्या लाजल्या. मग उठून देव्हाऱ्यातून एक डबी आणली. डबीत खिडकीवरचं लेबल होतं, बोटाच्या पेराएवढं. त्यावर निळ्या शाईने लिहिलं होतं, 'पाळी, वर-खाली, १२ तास. हेमेंद्र.'

"फडकं लागलं, कोपरा सुटला," त्या म्हणाल्या. "फेकणार होती. मग पाहिलं त हेमूच्या हातचं. मले वाचता येत नाही, पण त्याचं अक्षर वळखते मी, शाळेपासून. आता तो फोन करते, चिट्ठी कोण लिहिते? म्हणून ठेवलं. काऊन जी, काही झालं का?"

"काही नाही," मी म्हणालो. "अक्षर चांगलं आहे."

दसरा पंधरा तारखेला झाला. फळी सत्तावीसला अडकली. मधले बारा दिवस लख्ख ऊन. गणित सुटलं होतं. दुसऱ्या दिवशी सभा होती, आणि टिकेशला वाचवायचं तर ते सगळ्यांसमोर मांडायला लागणार होतं. त्या रात्री मी पोळ्याही दोघांच्या केल्या. चमेली असती तर विचारलं असतं, सांगू की नको?

७

सभा समाजमंदिरात भरली. पुरुष पुढे, बाया मागे, टिकेश दाराशी उभा. त्याच्यासाठी तक्रारीचा कागद टाइप करून तयार होता, फक्त सह्या बाकी.

मी उभा राहिलो आणि चिप उंच धरली.

"गुन्हेगार सापडला," मी म्हणालो. "तो मी."

मागचे लोक पुढे सरकले. मी सगळं सांगितलं. धूळ बसलेला डिंक, अर्धवट पुसलेले आकडे, दुपारचं ऊन. "हेमेंद्र नवी चिप मागत होता, तिला खिडकी नसते. मी हट्टाने जुनी दिली, कारण नवी मला येत नव्हती. चिप निवडताना मी तिचे पाय मोजले, मेमरी मोजली. मशिन कुठे बसणार आहे ते विचारलं नाही. घरात ठेवलेली वस्तू पुसली जाणार, लेबल निघणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दोष चिप निवडणाऱ्याचा. टिकेशचा नाही, आणखी कोणाचाही नाही."

"पण लेबल काढलं कोणी?" मागून कोणीतरी विचारलं.

"कागद होता. निघाला."

मला वाटलं, निभावलं. तेवढ्यात बायांमधून सुभद्राबाई उठल्या. चेहरा पांढराफटक.

"मी काढलं जी," त्या म्हणाल्या. "दसऱ्याले पुसलं तवा. मले मालूम नव्हतं." आणि मग रुख्माकडे वळून, "बाई, तुझं धान माझ्यानं गेलं वं."

सगळे रुख्माकडे पाहू लागले. नुकसान तिचं होतं, बोलायचा हक्क तिचा. तिने पदर खांद्यावर ओढला.

"दसऱ्याले मशिन पुसाचं नाही, त का कराचं?" ती म्हणाली. "मी विळा पुसला, पावडं पुसलं, मोटरपंपाले कुंकू लावलं. माझ्या घरी हे मशिन असतं त मीही पुसलं असतं. बसा काकी."

मग टिकेशने स्वतःहून तोंड उघडलं. सहाला कळलं होतं, फळी फिरवली नाही, हेही त्याने सांगून टाकलं. उदाराम त्याला सगळ्यांदेखत खूप बोलला. मग टाइप केलेला कागद फाडला आणि ठरवलं की टिकेशने रोज संध्याकाळी सहाला सुभद्राबाईंच्या ओसरीत हजर राहायचं. टक वाजली तर परत जायचं, नाही वाजली तर फळी हाताने फिरवायची. रुख्माच्या कापणीला वरच्या फाट्याचे लोक फुकट राबतील, हे भैय्यालालने कुरकुरत का होईना, मान्य केलं. तिचं अर्धं धान मात्र पोचट ते पोचटच राहिलं.

सोमवारी मी गोंदियाहून हेमेंद्रला फोन लावला. "कार्यक्रम रामलालला ई-मेलने पाठव. तुझ्यावाली नवी चिप बसवतोय. मला शिकव कशी लिहायची."

पलीकडे त्याने रामलालचा ई-मेल पत्ता लिहून घेतला. मग म्हणाला, "पाठवतो, सर."

"आणि लेबल पाठव. टपालाने. तुझ्या हातचं."

"पण सर, तिला खिडकी नाही. लेबल लागत नाही."

"मला माहीत आहे," मी म्हणालो. "तरी पाठव. जरा मोठं लिही."

आठ दिवसांनी पाकीट आलं. आत लेबल होतं, आणि दोन पानं भरून पत्र. मी ओसरीत बसून ते वाचून दाखवलं, सुभद्राबाईंनी दोनदा वाचायला लावलं. सहाला टक वाजली. टिकेश चहा पीत होता, तो कप ठेवून निघाला.

"मास्तर," मी निघताना सुभद्राबाईंनी विचारलं, "पुढच्या दसऱ्याले पुसू का नको?"

"पुसा. बटण तेवढं बंद करून, खुशाल पुसा."

लेबल आणि पत्र देव्हाऱ्यात गेलं. पेटीची झडप अजून उघडीच असते, दुपारी चिपवर ऊन येतं आणि काही बिघडत नाही. मी मुर्रीला परत आलो आणि सवयीने दोन कप चहा केला. दुसरा त्या दिवशी ओतला नाही, पिऊन टाकला. मग वही काढली आणि सोनिकाला पत्र लिहायला बसलो.